पुरवणी ते प्रबंध : एक चिकित्सक अभ्यास

पुरवणी म्हणजे मूळ उत्तरपत्रिकेची पाने संपल्यावर, किंवा ती संपल्याचा धाक वर्गातील इतरांना बसावा म्हणून, पर्यवेक्षकाकडे हात उंचावून मागितला जाणारा आणि शेवटी पांढऱ्या दोऱ्याने मूळ उत्तरपत्रिकेला बांधला जाणारा जादा कागद होय. उच्च शिक्षणातील लेखनकौशल्याचा इतिहास सांगणारे अभ्यासक त्याचा आरंभ विद्यापीठांच्या स्थापनेपासून, म्हणजे आपल्याकडे १८५७ सालच्या मुंबई विद्यापीठापासून करतात; वस्तुतः तो दहावीच्या परीक्षेत तिसरी पुरवणी मागणाऱ्या पहिल्या विद्यार्थ्यापासून करायला हवा, कारण त्या क्षणी उरलेल्या वर्गाच्या पोटात जो गोळा उठतो, त्यातूनच ज्ञान हे वजनावर मोजले जाते ही महाराष्ट्राच्या शैक्षणिक परंपरेतील सर्वांत टिकाऊ श्रद्धा जन्मास येते. परीक्षक उत्तरपत्रिका वाचत नाहीत, तळहातावर तोलतात, असे या श्रद्धेचे सार असून, परीक्षकांनी ते वेळोवेळी नाकारले असले तरी नाकारतानाचा त्यांचा थकलेला चेहरा पाहून ती अधिकच दृढ होत आली आहे.

या श्रद्धेवर वाढलेला विद्यार्थी पदव्युत्तर वर्गापर्यंत पोहोचतो तेव्हा त्याच्यापाशी एक कौशल्य पूर्णत्वास गेलेले असते, ते म्हणजे दोन ओळींत संपणारे उत्तर प्रस्तावना, महत्त्व, वैशिष्ट्ये, गुण, दोष आणि समारोप अशा सहा कप्प्यांत वाटून चार पानांपर्यंत नेणे. कोणते प्रश्न येतील ही चिंता ‘एकवीस अपेक्षित’ या प्रश्नसंचाने शाळेतच मिटवलेली असते, आणि उत्तर पुरेसे लांबवले की त्यात कुठेतरी काहीतरी बरोबर निघतेच, या अनुभवाने दुसरी कोणती चिंता उरू दिलेली नसते. अशा विद्यार्थ्याला पीएच.डी.च्या उंबरठ्यावर गोषवारा लिहायला सांगितले जाते. गोषवारा हा हिशेबाच्या दफ्तरातून आलेला मूळचा फारसी शब्द असून, संशोधनाचा प्रश्न, पद्धती आणि निष्कर्ष एवढे सारे दीडशे ते अडीचशे शब्दांत सांगणे हा त्याचा अर्थ होय. परंतु सतरा वर्षे पाणी घालून वाढवण्याचा सराव झालेल्या हाताला आटवण्याची सवय नसल्यामुळे तो पहिले दोनशे शब्द ‘मानव हा समाजशील प्राणी आहे’ येथून निघून विषयाच्या वेशीपर्यंत येण्यात खर्च करतो आणि उरलेल्या पन्नास शब्दांत वेशीवरच मुक्काम ठोकतो.

पुढील विवेचनासाठी एक न्यादर्श घेणे आवश्यक आहे. समग्र समूहातून निवडलेला आणि त्या समूहाचे प्रतिनिधित्व करील असा लहान गट म्हणजे न्यादर्श, अशी पाठ्यपुस्तकातील व्याख्या असली तरी व्यवहारात जो सहज हाती लागतो त्यालाच न्यादर्श म्हणण्याची प्रथा आहे, आणि त्या प्रथेस अनुसरून येथे एकच विद्यार्थिनी निवडली आहे. तिच्या घरी दोन म्हशी होत्या, गावात दूध संघाचे संकलन केंद्र होते आणि घरातल्या दुधाचे पैसे शेवटी कोणाच्या हातात जातात, हा प्रश्न तिला लहानपणापासून पडत आला होता. तोच प्रश्न तिने २०१७ साली संशोधनाचा विषय म्हणून एका कागदावर लिहून मार्गदर्शक सरांपुढे ठेवला. शीर्षक होते : ‘दुधाचे पैसे कोणाला मिळतात?’

सरांनी चष्मा काढून पुसला. “हे शीर्षक आहे की तक्रार?”

“सर, प्रश्न आहे.”

“प्रश्न प्रश्नावलीत असतात. शीर्षकात विषय असतो.”

तीन आठवड्यांच्या मार्गदर्शनानंतर शीर्षक ‘ग्रामीण महिला दुग्धोत्पादकांच्या आर्थिक सक्षमीकरणातील सहकारी संस्थांच्या भूमिकेचा चिकित्सक अभ्यास : विशेष संदर्भ’ येथवर येऊन पोहोचले आणि विशेष संदर्भ कशाचा, हे संशोधन व मान्यता समितीपुढे ठरवावे असे ठरले. या समितीसमोर विद्यार्थ्याने आपला आराखडा दहा मिनिटांत मांडायचा असतो. त्यांतील आठ मिनिटे अभ्यास ‘चिकित्सक’ असावा की ‘विश्लेषणात्मक’ यावर सदस्यांच्या आपापसातील चर्चेत गेली, नवव्या मिनिटाला एका ज्येष्ठ सदस्यांनी ‘चिकित्सक व विश्लेषणात्मक’ असा तोडगा काढला आणि दहाव्या मिनिटाला चहा आला. विद्यार्थिनीला बोलण्याची संधी मिळाली ती “साखर कमी चालेल का?” या प्रश्नाला उत्तर देण्यापुरती, आणि तिचे ते उत्तर सर्वांना एका खेपेत समजले, याची नोंद इतिवृत्तात नाही.

यानंतर गृहीतकृत्याचा प्रांत सुरू होतो. गृहीतकृत्य म्हणजे जे खरे असेल असे तात्पुरते मानले आहे आणि जे खरे की खोटे हे माहिती गोळा करून तपासायचे आहे असे विधान. याउलट जे न तपासता मान्य करून पुढे जायचे ते गृहीतक. या दोन शब्दांत अडीच अक्षरांचा फरक असून निम्मे प्रबंध त्या फटीत पडलेले आढळतात, कारण बहुतेक संशोधक गृहीतकृत्य हे गृहीतकाप्रमाणेच वागवतात आणि तेही इतक्या मायेने की, पाच गृहीतकृत्यांपैकी पाचही सिद्ध झाल्याखेरीज घरी पेढे आणत नाहीत. गृहीतकृत्य खोटे ठरणे हाही शोधच असतो, किंबहुना कधी कधी तोच मोठा शोध असतो, हे पद्धतिशास्त्राच्या पेपरात लिहून गुण मिळवलेल्या या विद्यार्थिनीचे चौथे गृहीतकृत्य आकडेवारीत टिकेना, तेव्हा तिची झोप उडाली. सरांनी मात्र अनुभवाच्या बळावर धीर दिला. “घाबरू नकोस. निष्कर्ष आधी लिही, गृहीतकृत्य मागाहून जुळवून घेता येतं.” बाण आधी मारून नंतर त्याभोवती वर्तुळ काढण्याच्या या पद्धतीला पाठ्यपुस्तकात अद्याप मानाचे पान मिळालेले नाही, परंतु तिच्याइतका अचूक नेम दुसऱ्या कोणत्याही पद्धतीचा लागत नाही.

लेखनकौशल्याचा खरा विकास होतो तो भाषेच्या पातळीवर. विद्यार्थिनीने पहिल्या मसुद्यात ‘दोनशे बायकांना घरी जाऊन विचारले’ असे लिहिले होते. दुरुस्तीनंतर ते ‘प्रस्तुत संशोधनात २०० महिला प्रतिसादकांकडून संरचित प्रश्नावलीच्या माध्यमातून प्राथमिक स्वरूपाच्या माहितीचे संकलन करण्यात आले’ असे झाले, आणि या वाक्यात कोणी, कधी, कोणाच्या ओट्यावर बसून विचारले, याचा मागमूस उरला नाही. शास्त्रीय लेखनात कर्ता दडवण्याची ही रीत तटस्थतेसाठी आली असे सांगितले जाते. तथापि ‘दिसून येते’, ‘म्हणता येईल’, ‘असे मानण्यास वाव आहे’ या क्रियापदांच्या रांगेमागे लेखक इतका सुरक्षित लपतो की, चूक निघाल्यास ती कोणाची हे पोलिसांनाही सांगता येऊ नये. म्हशीचे ‘दुग्धोत्पादक पशुधन’ झाले, गोठ्याचे ‘पशुनिवारा व्यवस्थापन’ झाले, आणि सासूचे ‘कौटुंबिक निर्णयप्रक्रियेतील ज्येष्ठ घटक’ झाले, ज्याबद्दल प्रत्यक्ष सासूला कळते तर तिने प्रश्नावली भरायला चूल सोडली नसती. सर्वांत गंभीर शस्त्रक्रिया पान २१४ वर झाली. तेथे विद्यार्थिनीने दोनशे घरे पालथी घातल्यावर हाती लागलेली गोष्ट एका वाक्यात लिहिली होती. सरांनी त्यावर लाल रेघ मारली.

“हे काढ. फार सोपं वाटतं. परीक्षकांना लगेच कळेल.”

“कळलं तर काय होईल, सर?”

“शंका विचारतील.”

त्या वाक्याच्या जागी साडेतीन पानांचे विवेचन आले आणि कोणतीही शंका निघण्याची शक्यता कायमची मावळली.

वाङ्मयचौर्य, म्हणजे दुसऱ्याचे लेखन त्याचे ऋण मान्य न करता आपले म्हणून देणे, यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली विनियम केले आणि चोरीचे चार स्तर ठरवून दिले. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे. ६० टक्क्यांपर्यंत असेल तर वर्षभर थांबायचे. आणि त्याहून अधिक असेल तर नोंदणीच रद्द. सर्वसामान्य ज्ञान किंवा योगायोगाने जुळलेली शब्दावली सलग १४ शब्दांपर्यंत या मोजणीतून वगळली जाते. विनियमांचा हेतू विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहावे हा होता. संशोधकांनी त्यातून एवढाच बोध घेतला की, पंधरावा शब्द बदलावा. तेव्हापासून ‘महत्त्वाचे’च्या जागी ‘महत्तम’, ‘पाणी’च्या जागी ‘जल’ आणि ‘दूध’च्या जागी ‘दुग्ध’ घालत जाणारी एक नवी मराठी उदयास आली असून, तिच्या प्रभावाखाली एका मसुद्यात ‘दूध संघा’चा ‘क्षीरसमूह’ झाल्याचे वेळीच लक्षात आले म्हणून बरे, अन्यथा निष्कर्षात शेषशायी विष्णूचा उल्लेख टळता ना.

मराठीच्या बाबतीत या मोजणीला आणखी एक पैलू आहे. संगणकावरील जुने मराठी टंक युनिकोड पद्धतीचे नव्हते. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत, त्यामुळे डोळ्यांना जे ‘सहकार’ दिसते ते यंत्राच्या लेखी रोमन अक्षरांचे आणि विरामचिन्हांचे कडबोळे असते. विद्यार्थिनीचा पहिला मसुदा अशाच टंकात असल्यामुळे तपासणीत साम्य शून्य टक्के निघाले, कारण जगातील कोणत्याही भाषेत तसे कोणी लिहिलेले नव्हते. सरांना गहिवरून आले. “शून्य टक्के! संपूर्ण मौलिक काम.” पुढे ग्रंथालयाच्या सूचनेवरून तोच मजकूर युनिकोडमध्ये आणला गेला, तेव्हा साम्य ३१ टक्क्यांवर गेले आणि त्यांतले बरेचसे ‘प्रस्तुत संशोधनाचा उद्देश पुढीलप्रमाणे आहे’ या जातीच्या वाक्यांचे होते, जी वाक्ये पूर्वी कोणी लिहिली नसतील तर महाराष्ट्रात संशोधनच झाले नाही असे म्हणावे लागेल. ऋणनिर्देश मात्र विनियमानेच मोजणीतून वगळलेले असल्यामुळे तेथे कसलाही धाक नसतो, आणि म्हणूनच अविवाहित संशोधकाने ‘माझ्या पत्नीने व दोन्ही मुलांनी सोसलेल्या त्यागाबद्दल’ कृतज्ञता व्यक्त केल्याचे प्रसंग घडू शकतात.

लेखनानंतर प्रकाशन येते. आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध परीक्षित नियतकालिकात, म्हणजे ज्यात जाणकारांनी वाचून पसंत केल्यावरच लेख छापला जातो अशा नियतकालिकात, प्रसिद्ध करणे आणि दोन निबंध परिषदांत सादर करणे बंधनकारक होते. विद्यार्थिनीचा निबंध एका ‘आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय’ नियतकालिकाने रात्री अकरा वाजता पाठवल्यानंतर सकाळी चहाच्या आत स्वीकारला, शुल्काचा तपशील त्यासोबतच कळवला आणि नॅनोकणांवरील एक लेख व कालिदासाच्या उपमांवरील दुसरा, यांच्या मधोमध तिच्या म्हशी बांधल्या. संगणकाने आपोआप जुळवलेला निरर्थक निबंध २००५ साली अमेरिकेतील एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी एका परिषदेकडे धाडला होता आणि तो स्वीकारलाही गेला होता, हे लक्षात घेता तिच्या निबंधात अर्थ असूनही तो स्वीकारला जावा ही प्रगतीच मानली पाहिजे. पुढे मे २०१८ मध्ये आयोगाने आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली आणि त्यांत तिचे नियतकालिक सन्मानाने सामील झाले. २०१९ साली ‘केअर’ नावाची नवी यादी आली म्हणून तिने दुसरा निबंध सिद्ध केला. तो दोन वर्षे रांगेत उभा राहून छापून येतो न येतो तोच २०२२ च्या विनियमांनी निबंधाची सक्तीच काढून टाकली. आणि २०२५ साली ‘केअर’ यादीही बंद झाली. फलाची अपेक्षा न धरता कर्म करण्याची शिकवण हजारो वर्षे उपलब्ध असताना तिच्या अंमलबजावणीसाठी स्वतंत्र आयोग लागावा, एवढेच काय ते नवल.

सादरीकरणकौशल्याचे माहेरघर म्हणजे राष्ट्रीय चर्चासत्र. ज्यात चर्चेला वेळ उरत नाही आणि शेजारच्या तालुक्यातील एक प्राध्यापक आल्याने ज्याला राष्ट्रीय स्वरूप प्राप्त होते, त्या उपक्रमास चर्चासत्र म्हणतात. दहाला सुरू व्हावयाचे उद्घाटन पाहुण्यांच्या सोयीने साडेअकराला सुरू होते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय, परिचयावरील विनम्र उत्तर आणि बीजभाषण, म्हणजे चर्चेचे बीज पेरणारे मुख्य भाषण, हे सारे दोनपर्यंत चालते. आणि मग जिलेबीच्या भरल्या पोटाने साठ निबंध वाचण्यासाठी तीन तास उरतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली संपूर्ण प्रबंध तीन मिनिटांत आणि एकाच स्थिर स्लाइडवर मांडण्याची स्पर्धा सुरू केली आणि ती जगभर गाजली. तीन मिनिटांची ही सिद्धी आपल्याकडे कोणतीही स्पर्धा न ठेवता केवळ भागाकाराने साधलेली आहे.

विद्यार्थिनीपाशी मात्र स्लाइड ४२ होत्या. पॉवरपॉइंट ही प्रणाली १९८७ साली बाजारात आली आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती १ कोटी ४० लाख डॉलरला तिच्या निर्मात्या कंपनीसह विकत घेतली, ती वक्त्याच्या बोलण्याला चित्रांचा आधार मिळावा म्हणून. आपल्याकडे तो आधार इतका भक्कम झाला की, वक्त्याने बोलण्याची गरजच उरली नाही. प्रबंधाचे पान जसेच्या तसे पडद्यावर चढवावे, श्रोत्यांकडे पाठ करावी आणि ते मोठ्याने वाचावे, ही या क्षेत्रातील सर्वमान्य शैली होय. वस्तुतः श्रोता वक्त्यापेक्षा वेगाने वाचतो आणि एकाच वेळी वाचू व ऐकू शकत नाही, म्हणून पडद्यावर चार शब्द व तोंडात चारशे असावेत, हे कार्यशाळांत शिकवले जाते, तेही बावीस ओळींच्या स्लाइडवर. पेनड्राइव्ह लावल्यावर महाविद्यालयाच्या संगणकात तिचा जुना टंक नसल्याचे आढळले आणि बेचाळीसपैकी एकेचाळीस स्लाइडवर कंस, टक्के आणि डॉलरची चिन्हे उमटली. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला आणि विंडोज २००० पासून संगणकासोबतच येऊ लागलेला ‘मंगल’ हा युनिकोड टंक त्याच संगणकात निमूटपणे बसून होता, पण त्याला कोणी विचारले नव्हते. सत्राध्यक्ष पडद्याकडे पाहून प्रभावित झाले.

“सांख्यिकी बरीच वापरलेली दिसते. पण वेळेअभावी आपण थेट निष्कर्षावर यावं.”

“सर, टंक...”

“दोन मिनिटं झाली. धन्यवाद.”

शेवटची स्लाइड तेवढी शाबूत उमटली, कारण तिच्यावर गुलाबाचे चित्र होते. प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले, “माझा प्रश्न नाही, एक छोटीशी सूचना आहे” असे म्हणून त्यांनी सात मिनिटे स्वतःच्या १९९४ सालच्या प्रबंधाची माहिती दिली, आणि त्यानंतर सभागृहातून आलेला एकमेव खरा प्रश्न “प्रमाणपत्रं खाली मिळतील की वर?” हा होता, ज्याचे उत्तर तेथील शिपायाने कोणत्याही स्लाइडशिवाय, श्रोत्यांकडे तोंड करून आणि चार सेकंदांत दिले.

अखेरीस मौखिक परीक्षा. ही खुली असते, म्हणजे इतरांनाही येऊन बसता येते, आणि त्यामुळेच विद्यार्थिनीची आजी नवे लुगडे नेसून पहिल्या रांगेत बसली होती. बहिःस्थ परीक्षक, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठातून बोलावलेले परीक्षक, यांनी ४१२ पानांचा प्रबंध उचलला, क्षणभर तळहातावर तोलला आणि “काम बरंच केलेलं दिसतं” असा अभिप्राय दिला, तेव्हा दहावीच्या वर्गापासूनची एक श्रद्धा शास्त्रीय पुराव्यानिशी सिद्ध झाली. पदवीची शिफारस जाहीर झाली, टाळ्या झाल्या आणि सर्वजण चहासाठी व्हरांड्यात आले. तेथे आजींनी नातीच्या हातातला प्रबंध न्याहाळत विचारले, “पोरी, इतकी वर्सं काय लिवत हुतीस गं?”

विद्यार्थिनीने ना प्रस्तावना केली, ना व्याप्ती व मर्यादा सांगितल्या. “घरात म्हस बाईच्या नावावर असते, शेणघाण बाई काढते आणि दुधाचं बिल नवऱ्याच्या खात्यात जातं.”

परीक्षकांचा कप ओठांपाशीच थांबला. “हे प्रबंधात कोणत्या पानावर आहे?”

“पान २१४ वर होतं, सर. सोपं वाटतं म्हणून काढलं.”

परीक्षकांनी मार्गदर्शकांकडे पाहिले. मार्गदर्शकांनी वाक्य मनातल्या मनात पुन्हा म्हटले, बोटांवर शब्द मोजले आणि प्रसंग सावरण्यासाठी ते घाईने म्हणाले, “मोजून १४ शब्द आहेत, सर. नियमात बसतं. चोरी नाही.”

“चोरी न्हाई कशी?” आजी म्हणाल्या. “मग बिल कोन न्हेतंय?”